पेशीच्या आतले जीवाणू आणि आपली औषधे

गाईला दगडी झाली आणि सडात औषधाची ट्यूब सोडली, की पुढचे काही दिवस त्या गाईचे दूध डेअरीला घालायचे नाही, हे शिरूर-दौंडकडच्या गोठ्यांत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. चुकून घातले तर काय होते, तेही ठाऊक असते. त्या दुधाला विरजण लागत नाही. विरजणातले जीवाणू औषधाच्या उरलेल्या अंशानेच गारद होतात. इथपर्यंत हिशोब सरळ आहे. प्रतिजैविक जीवाणूंना मारते, गाईला मारत नाही. रोगाचा जीवाणू मेला तर चांगले आणि दह्याचा मेला तर वाईट, एवढाच काय तो फरक.

पण काही जीवाणू मोकळे राहतच नाहीत. ते दुसऱ्या एकपेशीय जीवाच्या पेशीत राहतात, तिथेच खातात, तिथेच वाढतात, आणि ती पेशी दुभंगली की दोन्ही लेकींमध्ये वाटले जातात. त्या गाईच्या पोटात असे जोडजीव कोट्यवधींनी आहेत. भीमेच्या पाण्यात, घोडनदीच्या डोहात, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांतही ते असतात. औषध या आतल्या जीवाणूपर्यंत पोचले तर मरतो कोण? ज्याच्यासाठी औषध बनवले तो जीवाणू, की ज्याला औषध कळतही नाही तो त्याचा घरधनी?

याचे सर्वांत स्वच्छ उत्तर १९७५ साली जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात क्लाउस हेकमन यांनी दिले. त्यांचा प्राणी होता युप्लोटीस, गोड्या पाण्यातला एक चपटा एकपेशीय जीव. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी जास्त. त्याच्या पोटाच्या बाजूला बारीक रोमके एकत्र येऊन जाड कुंचल्यांसारखी झालेली असतात आणि त्यांच्यावर तो तळाच्या गाळावरून अक्षरशः चालतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला एकदा चालताना पाहिले की तो एकच पेशी आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. या पेशीच्या आत हजाराच्या आसपास जीवाणू असतात. हेकमन यांनी त्यांना ओमिक्रॉन म्हटले. त्यांनी युप्लोटीसच्या पाण्यात पेनिसिलिन घातले.

पेनिसिलिन काम कसे करते ते इथे लक्षात घ्यायला हवे. जीवाणूच्या पेशीभोवती एक टणक भिंत असते. जीवाणू वाढताना ही भिंत सतत विणावी लागते, आणि पेनिसिलिन ते विणकाम थांबवते. भिंत कच्ची राहिली की जीवाणू फुटतो. युप्लोटीसला अशी भिंतच नसते. म्हणजे पेनिसिलिनने त्याला काहीही व्हायला नको. झाले मात्र वेगळेच. आतले ओमिक्रॉन नाहीसे झाले, युप्लोटीस एकदोनदा विभागला आणि मग त्याचे विभाजन कायमचे थांबले. काही काळ तो जगला, हिंडलाफिरला आणि शेवटी मेला. ओमिक्रॉन पुन्हा त्याच्या पेशीत पोचवले, तर थांबलेले विभाजन पुन्हा सुरू झाले. औषधाने ज्याच्या कुठल्याच भागाला हात लावला नव्हता, तो प्राणी त्या औषधाने मेला. १९८७ मध्ये हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने या जीवाणूचे नाव ठेवले पॉलिन्युक्लिओबॅक्टर नेसेसेरियस. ‘आवश्यक’ हे त्याच्या नावातच आले.

जीवशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग एखाद्या ओळीत उरकला जातो, हे मला खटकते. औषध ‘फक्त जीवाणूंवर’ चालते, हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो. पण ज्या सजीवाचे पोट, ज्याची वाढ, ज्याचे विभाजन एखाद्या जीवाणूच्या हाती आहे, त्याच्या बाबतीत या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

याहून बारीक गोष्ट आकड्यांची आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिथेच आहे. सगळी प्रतिजैविके जीवाणूला मारत नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन यांसारखी औषधे बहुतेक वेळा त्याची वाढ नुसती थांबवतात. ती जीवाणूच्या रायबोसोमला चिकटतात, प्रथिने बनणे बंद पडते आणि जीवाणू आहे तिथेच अडकतो. मोकळ्या जीवाणूसाठी ही तात्पुरती अडचण असते, कारण औषध ओसरले की तो पुन्हा वाढू लागतो. पण दुसऱ्याच्या पेशीत राहणाऱ्याला ही सवड नसते. त्याची घरधनी पेशी थांबलेली नाही, ती विभागतच आहे. एका पेशीत हजार जीवाणू आहेत आणि त्यांची वाढ थांबली आहे असे धरा. पेशी दुभंगली की प्रत्येकीत पाचशे राहिले, पुन्हा दुभंगली की अडीचशे. दहाव्या विभाजनानंतर सरासरी एका पेशीत एकच उरतो, आणि त्यापुढे बहुतेक पेशींत एकही नसतो. इतके व्हायला एकही जीवाणू मरावा लागत नाही. पोटभर खाणे मिळालेले पॅरामेशियम, म्हणजे असाच आणखी एक एकपेशीय जीव, दिवसातून दोनतीनदा सहज विभागते, म्हणजे हे सगळे चारपाच दिवसांत होते.

औषधाशिवायही हे होते, हे अमेरिकेत जॉन प्रिअर यांनी १९४० च्या दशकात पॅरामेशियमवर दाखवले. त्यांनी पॅरामेशियमला भरपूर खाऊ घालून वेगाने विभागायला लावले. आतले कण त्या वेगाने वाढू शकले नाहीत, मागे पडले आणि पिढ्यांगणिक विरळ होत संपले. हे कण होते कप्पा. त्यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९३८ मध्ये ट्रेसी सॉनबोर्न यांना असे आढळले, की पॅरामेशियमच्या काही जाती ज्या पाण्यात राहतात, त्या पाण्यात दुसऱ्या जातीचे पॅरामेशियम सोडले की मरते. मारेकरी जातीला स्वतःला मात्र काही होत नाही. हा गुण पुढच्या पिढीत जात होता, पण नेहमीच्या जनुकांच्या नियमाने नव्हे. पेशीद्रवातूनही आनुवंशिकता वाहते याचा हा मोठा पुरावा मानला गेला, आणि कप्पाला कित्येक वर्षे पेशीद्रवातले जनुकच समजले जात होते. त्यावर क्ष-किरण सोडून पाहिले तेव्हा त्याचा आकार जनुकापेक्षा फार मोठा, जीवाणूएवढा, निघाला. १९५० मध्ये क्लोरोमायसेटिन, म्हणजे आपले क्लोरॅम्फेनिकॉल, घालून कप्पा काढून टाकता येतो हे प्रसिद्ध झाले. जीवाणूवरच्या औषधाने जो नाहीसा होतो, तो बहुधा जीवाणूच असणार. पुढे तो जीवाणूच ठरला आणि त्याला कॅडिबॅक्टर म्हणू लागले. त्याच्या आत प्रथिनाची एक फीत घट्ट गुंडाळलेली असते. बळी पडणाऱ्या पॅरामेशियमने असा जीवाणू गिळला की अन्नरिक्तिकेतल्या आम्लाने ती फीत उलगडते, रिक्तिकेला भोसकते आणि विष आत शिरते.

आता औषधाने कप्पा गमावलेल्या पॅरामेशियमचा विचार करा. ते मरत नाही. दिसायला निरोगी असते, पोहते, खाते, विभागते. पण त्याचे शस्त्र गेले आणि त्याबरोबर ढालही गेली, कारण कप्पाच त्याला आपल्यासारख्याच मारेकऱ्यांच्या विषापासून वाचवत होता. कालपर्यंत ज्या शेजाऱ्यांना ते मारत होते, त्यांच्यासारखेच ते आज बळी आहे. औषधाचा असा परिणाम बाटलीत एकटे ठेवून पाहिले तर कधीच दिसणार नाही. डबक्यात, शेजारपाजारात ठेवले तरच दिसेल.

या अंतर्वासी जीवाणूंच्या अभ्यासाचा एक धागा थेट मुंबईला येतो, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते वाल्डेमार हाफकिन आपल्याला प्लेगच्या लसीमुळे माहीत आहेत. १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगनंतर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्या प्रयोगशाळेत ती लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पण भारतात येण्याआधी, ओडेसात आणि मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, त्यांचा विषय एकपेशीय जीव हा होता. १८९० मध्ये त्यांनी पॅरामेशियमच्या संसर्गांवर एक निबंध लिहिला. त्यात पॅरामेशियमच्या पेशीतच नव्हे, तर पेशीच्या केंद्रकात राहणाऱ्या जीवाणूंचे वर्णन होते. त्यांना होलोस्पोरा हे नाव हाफकिन यांनीच दिले. त्यातली एक जाती लहान केंद्रकात राहते, एक मोठ्या केंद्रकात. ही निवड इतकी काटेकोर असते, की शंभराहून अधिक वर्षे उलटल्यावरही ती कशी होते यावर काम चालू आहे.

हाफकिन यांनी होलोस्पोराला रोग मानले, आणि बऱ्याच अंशी ते बरोबरही आहे. फार मोठ्या संख्येने वाढला तर तो पॅरामेशियमला घातक ठरतो. पण २००३ मध्ये होरी आणि फुजिशिमा या जपानी संशोधकांनी दाखवले, की होलोस्पोरा असलेल्या पॅरामेशियममध्ये उष्णतेपासून बचाव करणारी प्रथिने जास्त बनतात. पाणी तापले की होलोस्पोरा नसलेली पॅरामेशियम लवकर लुळी पडतात, असलेली पोहत राहतात. दौंडच्या उन्हाळ्यात नदीकाठचे उथळ डबके दुपारी किती तापते हे ज्याने पायाने अनुभवले आहे, त्याला या फरकाचे मोल सांगायला नको. म्हणजे ‘रोग’ बरा करणारे औषध त्या जीवाला उन्हाळ्यापुरते दुबळेही करू शकते. सहजीवन आणि रोग यांच्यामधली रेघ आपण कागदावर मारतो. निसर्गात ती ऋतूप्रमाणे सरकते.

आणि ही रेघ ओलांडायला युगे लागतात असेही नाही. अमेरिकेत क्वांग जिऑन यांच्या प्रयोगशाळेत १९६६ च्या सुमारास अमीबांच्या एका वाणाला जीवाणूंची लागण झाली. बहुतेक अमीबा मेले. जे थोडे वाचले ते जिऑन यांनी फेकून न देता जपले. काही वर्षांतच त्या वाचलेल्यांच्या प्रत्येक पेशीत सुमारे ४२,००० जीवाणू स्थिरावले आणि अमीबा त्यांच्याशिवाय जगेनासे झाले. जीवाणूवाल्या अमीबाचे केंद्रक काढून जीवाणू नसलेल्या अमीबात बसवले, तर तो मरे. त्याला जीवाणू टोचले तर वाचे. क्लोरॅम्फेनिकॉल देऊन जीवाणूंची संख्या पार खाली आणली की अमीबाही टिकत नसत. ज्या जीवाणूने थोड्याच वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचा संहार केला होता, त्याला मारणारे औषध आता त्यांचे विष झाले होते. हा जीवाणू लिजिओनेला कुळातला निघाला आणि त्याच्या नावात जिऑन यांचे नाव घातले गेले.

कीटकांच्या आतड्यात राहणाऱ्या अँगोमोनास या एकपेशीय जीवाचे प्रकरण थोडे सौम्य आहे. त्याच्यात एकच जीवाणू असतो आणि तो पेशीच्या जोडीने, तिच्याच तालावर विभागतो. क्लोरॅम्फेनिकॉलने तो काढला तर अँगोमोनास मरत नाही, पण त्याचे पथ्यपाणी वाढते. हीम आणि काही अमिनो आम्ले, जी पूर्वी जीवाणूच्या मदतीने घरात बनत होती, ती आता बाहेरून पुरवावी लागतात.

ही सगळी दूरची, पाण्याच्या थेंबातली उदाहरणे झाली असे कुणाला वाटेल. पण मलेरियासाठी जेव्हा डॉक्टर डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन देतात, तेव्हा नेमके हेच घडवून आणतात. मलेरियाचा परजीवी हा जीवाणू नव्हे, मग जीवाणूचे औषध त्याला का लागावे? कारण त्याच्या पेशीत अपिकोप्लास्ट नावाचा चार पडद्यांचा एक बारीक अवयव आहे. फार प्राचीन काळी या परजीवीच्या पूर्वजाने एक लाल शैवाल गिळले होते, आणि त्या शैवालातले हरितलवक स्वतः एका जीवाणूपासून आलेले होते. त्या जीवाणूचा उरलासुरला वारसा म्हणजे अपिकोप्लास्ट. त्याचे रायबोसोम अजून जीवाणूच्या धाटणीचे आहेत, म्हणून औषध तिथे चिकटते. गंमत अशी, की औषध दिलेला परजीवी लगेच मरत नाही. ४८ तासांचे चक्र तो पुरे करतो, त्याची पिले बाहेर पडतात, नव्या लाल पेशींत शिरतात आणि मग मरतात, कारण त्यांच्या वाट्याला धड अपिकोप्लास्ट आलेला नसतो. मारा आजच्या पिढीवर होतो आणि परिणाम पुढच्या पिढीवर दिसतो. २०११ मध्ये एलेन ये आणि जोसेफ डेरिसी यांनी तर असे दाखवले, की आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट हे एकच रसायन बाहेरून दिले, तर रक्तातल्या अवस्थेतला परजीवी अपिकोप्लास्टशिवायही प्रयोगशाळेत जगतो. त्या अवस्थेपुरते बोलायचे तर एवढा मोठा चार पडद्यांचा संसार एका रेणूसाठी चालू होता.

आपल्या स्वतःच्या पेशींतल्या तंतुकणिकाही अशाच एकेकाळच्या जीवाणू. क्लोरॅम्फेनिकॉल जास्त दिवस दिले की रक्त कमी होते, त्याचे एक कारण ते अस्थिमज्जेतल्या तंतुकणिकांची प्रथिने बनणे अडवते. काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या जनुकातला एक बारीक बदल आईकडून मुलांकडे येतो, आणि अशा मुलाला जेंटामायसिनसारख्या औषधाच्या नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते.

आता नदीकडे येऊ. पिंपरीतून वाहणारी पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात संगमावर मुठेला मिळते, आणि ही मुळा-मुठा शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसला भीमेत उतरते. वर तुळापूरला इंद्रायणी भीमेला येऊन मिळालेलीच असते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरांचे पाणी शिरूर आणि दौंड यांच्या शिवेवरून वाहत जाऊन पुढे उजनीत साठते. याच पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि तिथे पेनिसिलिन बनू लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. त्या पेनिसिलिनने या देशात किती बाळंतिणी, किती न्यूमोनियाची पोरे वाचली असतील याचा विचार केला की मन भरून येते. प्रतिजैविकांविरुद्ध बोलणे हा या लेखाचा हेतू मुळीच नाही.

पण शरीरात गेलेले औषध शरीरातच संपत नाही. अमॉक्सिसिलिनचा अर्ध्याहून अधिक भाग आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा मोठा भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे पाण्यात तुलनेने लवकर फुटतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन गाळाला चिकटून बसते आणि टिकते. युप्लोटीस नेमका गाळावरच चरतो. २०१७ मध्ये मुठेच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या अंगापेक्षा शहरातल्या गाळात औषधांना दाद न देणारी जनुके कित्येक पटींनी जास्त सापडली, आणि त्यांत अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांना दाद न देणारीही होती.

या बातमीचा आपण नेहमी एकच अर्थ लावतो: रोगजंतू चिवट होत आहेत. मला त्यात दुसरी बाजू दिसते. मोकळा जीवाणू शेजाऱ्याकडून असे जनुक उचलतो आणि औषधातून निभावतो. पेशीत कोंडलेल्या जीवाणूला शेजारीच नाही. युप्लोटीसमधल्या पॉलिन्युक्लिओबॅक्टरचा जनुकसंच त्याच्या मोकळ्या भावंडांपेक्षा चौथ्या हिश्शाहून अधिक आक्रसलेला आहे. तो गमावत आला आहे, कमवत नाही. मग औषध असलेल्या पाण्यात रोग देणारे मोकळे जीवाणू टिकायला शिकतील, आणि ज्यांनी कुणाचे काही बिघडवले नाही ते आतले जीवाणू आपल्या घरधन्यासकट उघडे पडतील, हे तर्काला धरून आहे.

प्रयोगशाळेतली मात्रा आणि नदीतली मात्रा यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे सांगितलेच पाहिजे. जिऑन यांनी अमीबांना दिलेले क्लोरॅम्फेनिकॉल मिलिलिटरला मिलिग्रॅमच्या घरात होते, तर नद्यांत प्रतिजैविके लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम अशी मोजली जातात. त्यामुळे तिथले मरण इथे जसेच्या तसे आणता येत नाही. पण वरचा हजारापासून एकापर्यंतचा हिशोब पुन्हा पाहा. जीवाणू मारावा लागत नाही, थांबवावाही लागत नाही, घरधनी पेशीपेक्षा तो थोडासा मागे पडत राहिला तरी काही पिढ्यांनी संपतो. आणि नदीतल्या जीवासाठी औषधाचा ‘कोर्स’ पाच दिवसांत संपत नाही.

याने नदीचे बिघडते काय? रोमके असलेले हे एकपेशीय जीव पाण्यातल्या जीवाणूंवर जगतात. सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी नितळ दिसते, ते बऱ्याच अंशी यांच्यामुळे. व्हॉर्टिसेला, अस्पिडिस्का आणि आपला युप्लोटीस त्या टाक्यांचे नेहमीचे रहिवासी. शहराची सगळी औषधे आधी पोचतात तीही तिथेच. कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे अंश किती असावेत याच्या मर्यादा केंद्र सरकारने जानेवारी २०२० च्या मसुद्यात सुचवल्या होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या आल्याच नाहीत. कुरकुंभसारखी रसायनांची आणि औषधांची औद्योगिक वसाहत ज्या तालुक्यात आहे, तिथल्या लोकांनी या मर्यादा पुन्हा मागितल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

गाईच्या कोटीपोटातले जग याहूनही दाट आहे. तिथल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये लाखभर ते दहा लाख एकपेशीय जीव असतात. १८४३ मध्ये ग्रुबी आणि डेलाफाँ यांनी ते पहिल्यांदा पाहिले, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कोफॉइड आणि मॅक्लेनन यांनी आपल्याकडच्या वशिंडाच्या जनावरांतल्या जातींची सविस्तर वर्णने छापली. यातल्या पुष्कळांच्या अंगावर आणि अंगात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव राहतात. एकपेशीय जीव चारा आंबवताना हायड्रोजन सोडतो, तो साठला तर आंबवणे अडते, म्हणून आतला सोबती तो वापरून मिथेन करतो. हे सोबती जीवाणू नव्हेत, आर्किया आहेत, आणि त्यांच्या भिंतीची घडण वेगळी असल्याने पेनिसिलिन त्यांना काही करत नाही. त्यामुळे इथे औषधाचा मार आडवळणाने येतो: तोंडावाटे दिलेल्या प्रतिजैविकाने मोकळे जीवाणू मरतात, एकपेशीय जीवांचे खाणे तुटते, आंबण्याची घडी विस्कटते. मग गाय वैरण टाकते आणि रवंथ मंदावतो. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराला प्रतिजैविक शक्यतो तोंडाने देऊ नये असे पशुवैद्य सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

आणखी एक. कोटीपोटातले हे जीव कोरड्या बीजरूपात टिकत नाहीत, ते फक्त एका जनावराच्या लाळेतून दुसऱ्याकडे जातात. आई चाटते, त्यातून वासराला मिळतात. जन्मल्याबरोबर वेगळे काढून एकटे वाढवलेले वासरू त्यांच्याविनाच मोठे होऊ शकते. एखाद्या मोठ्या जनावराचे असे जीव गेले, तर पशुवैद्य निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस काढून त्याला पाजतात, तो यासाठीच. डेअरीला न चालणारे औषधाचे दूध वासराला पाजण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि त्यामागची काटकसर मला समजते. पण वासराचे पोट ज्या काळात सूक्ष्मजीवांनी भरत असते, त्याच काळात आपण त्यात औषध ओततो, आणि त्याने वासराच्या आतड्यात औषधाला दाद न देणारे जीवाणू वाढतात, असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये काढला आहे. ते दूध खड्ड्यात ओतलेले परवडले.

शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना, नदीतल्या औषधाने आतले जीवाणू खरेच मागे पडतात का, हे तपासण्याचे काम हाताने करता येईल, आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही. टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, त्यांत साचलेल्या पाण्याचा एक नमुना घ्यावा आणि रांजणगाव सांडसच्या संगमाखालच्या भीमेचा दुसरा. दोन्ही वाळल्या गवताच्या काढ्यात वाढवावेत. कांद्याच्या मुळांतले पेशीविभाजन पाहायला जे ॲसिटो-ऑर्सीन वापरतात, त्याच्यात लॅक्टिक आम्ल मिसळून केलेल्या रंगाने पॅरामेशियमच्या आतले जीवाणू मोठ्या भिंगाखाली दिसतात. कप्पाच्या संशोधकांनी हाच रंग वापरला. दोन्हीकडच्या शंभर-शंभर पेशी मोजाव्यात आणि किती जणींच्या आत जीवाणू आहेत ते लिहावे. दोन्ही पाण्यांत फरक फक्त औषधांचा नसणार. प्राणवायू, अमोनिया, मीठ सगळेच वेगळे असेल. म्हणून रांजणखळग्यातल्या वाणाचे आणखी काही भाग करावेत, एकात काही घालू नये, बाकीच्यांत क्लोरॅम्फेनिकॉलच्या अत्यंत कमीपासून चढत जाणाऱ्या मात्रा घालाव्यात, आणि दर दोन दिवसांनी रंगवून पुन्हा मोजावे. महिनाभर मोजत गेले तर किती मात्रेला आतले जीवाणू मागे पडू लागतात तो आकडा हाती येईल, आणि मग भीमेच्या गाळातल्या मात्रेशी तो ताडून पाहता येईल.